जनरल रजिस्टरातला एक रकाना

जून महिन्यात पहिलीचे प्रवेश सुरू झाले की शाळेच्या कपाटातून जनरल रजिस्टर बाहेर येते. मुलाचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मगाव, आणि या सगळ्यांच्या मध्ये धर्म व जात यांचा एक अरुंद रकाना. गुरुजी विचारतात, पालक सांगतात, गुरुजी लिहितात. अर्ध्या मिनिटाचे काम. पण नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यात, सातपुड्याच्या एखाद्या पाड्यावर, या अर्ध्या मिनिटात बारा वर्षांनंतरच्या एका प्रश्नाचे उत्तर लिहून ठेवले जाते. हे मूल बारावीनंतर वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या राखीव जागेवर बसू शकेल का?

या रकान्याला एवढे वजन कुठून आले? त्यामागे जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याचे काही महत्त्वाचे टप्पे नेमके आपल्या नंदुरबारच्या डोंगरातून जातात. उच्च शिक्षणातल्या समतेचा इतिहास आपण सहसा मुंबई, पुणे, कोल्हापूर अशा शहरांतून सांगतो. आम्ही तो यावेळी डोंगराच्या बाजूने वाचून पाहिला.

सुरुवात १८७४ पासून करू. त्या वर्षी ब्रिटिश सरकारने अनुसूचित जिल्ह्यांचा कायदा केला. देशातल्या काही मुलखांत नेहमीचे कायदे आपोआप लागू होणार नाहीत, अशी त्यात सोय होती. त्याच्या परिशिष्टात मुंबई इलाख्यातल्या सहा मेहवासी संस्थानिकांची गावे आहेत : काठीचे पाडवी, नालचे पाडवी, सिंगपूरचे पाडवी, गव्हाळीचे वळवी, चिखलीचे वसावा आणि नवलपूरचे पाडवी. आज ज्या काठीची होळी पाहायला लांबून लोक येतात, तेच हे काठी. पुढे १९३५ च्या कायद्याखाली ‘अंशतः वगळलेले प्रदेश’ ठरवण्यात आले. तेव्हा पश्चिम खानदेशातून नवापूर पेटा, अक्राणी महाल आणि पुन्हा हीच सहा संस्थानांची गावे त्या यादीत गेली.

अशा मुलखाला वगळण्यामागे आदिवासींचे सावकारांपासून व जमीन बळकावणाऱ्यांपासून रक्षण व्हावे असा हेतू सांगितला जाई. त्यात काही तथ्यही होते. पण वगळणे सोपे असते आणि त्या जागी दुसरे काही उभारणे खर्चाचे. सरकारने पहिले केले आणि दुसरे बहुतांशी राहून गेले. शाळा डोंगरात फारशा चढल्याच नाहीत. याची किंमत पुढे नातवंडांनी कशी मोजली, ते पाहू.

त्याच काळात खाली मैदानात विद्यापीठाचा प्रश्न तापत होता. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. त्याच्या कायद्यात कोणत्याही जातीला मज्जाव नव्हता. पण मज्जाव नसणे आणि प्रवेश असणे यांत केवढे अंतर आहे, हे १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आकड्यांनी दाखवले. शिक्षण खात्याच्याच अहवालात लोकसंख्येचे चार गट पाडलेले होते. महाविद्यालयीन शिक्षणात प्रगत हिंदूंचे प्रमाण दोन लाखांमागे १०००, मुसलमानांचे ५२, मधल्या जातींचे १४. आणि चौथा गट, ज्यात अस्पृश्य, डोंगरी जमाती आणि तथाकथित गुन्हेगार जमाती एकत्र धरल्या होत्या, त्यांचे प्रमाण शून्य, फार तर एक. सातपुड्यातला भिल्ल या चौथ्या गटात होता. अर्थात त्या ‘फार तर एक’मध्ये तोही असण्याची शक्यता नव्हतीच.

त्याच वर्षी विद्यापीठाच्या कायद्यात सुधारणा करणारे विधेयक कौन्सिलापुढे आले. बाबासाहेबांनी आग्रह धरला की विद्यापीठाच्या सिनेटवर मागासलेल्या वर्गांचे प्रतिनिधी असले पाहिजेत. त्यांच्या मते ज्याला उच्च शिक्षणात जागा नाही त्याला इतर सवलती देऊन फार काही साधत नाही. पुढे स्टार्ट समिती नेमली गेली. तिच्यावर बाबासाहेब होते, डॉ. सोळंकी होते आणि पंचमहालात भिल्लांमध्ये काम करणारे ठक्करबाप्पाही होते. समितीने १९३० च्या अहवालात अस्पृश्य, आदिवासी व डोंगरी जमाती, आणि इतर मागासवर्ग अशी तीन वेगळी वर्गवारी केली. चौथ्या गटाची ही फोड महत्त्वाची ठरली. एकाच टोपलीत सगळे ठेवले की त्यातला सर्वांत मुका घटक तळाशी जातो, हे वर्गात बसणाऱ्या शिक्षकांना सांगायला नको.

पैशांची सोय मात्र आणखी बरीच वर्षे झाली नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात असताना त्यांनी लावून धरल्यामुळे १९४४-४५ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकनंतरची केंद्रीय शिष्यवृत्ती सुरू झाली. ती १९४८-४९ मध्ये आदिवासी विद्यार्थ्यांना लागू झाली. शिक्षकांच्या तोंडी आजही ‘पोस्ट मॅट्रिक’ असाच शब्द असलेली ती शिष्यवृत्ती हीच.

मग राज्यघटना आली आणि लगेच पहिला अडथळाही आला. मद्रास राज्यात महाविद्यालयांच्या जागा जातवार वाटण्याची जुनी पद्धत होती. दर चौदा जागांमध्ये कोणत्या समाजाला किती, हे सरकारी हुकुमाने ठरलेले असे. चंपकम दोराईराजन यांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि ९ एप्रिल १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम घटनाबाह्य ठरवला. नोकऱ्यांतील राखीव जागांसाठी घटनेत कलम होते. शिक्षणसंस्थांतील प्रवेशासाठी तसे काहीच नव्हते. म्हणजे भिल्ल तरुणाला तलाठ्याची नोकरी राखून ठेवता आली असती, पण डॉक्टर होण्यासाठी महाविद्यालयातली जागा राखून ठेवता येणे कठीण झाले असते!

यावर संसदेने घटनाच दुरुस्त केली. तेव्हा बाबासाहेब कायदेमंत्री होते. १८ जून १९५१ रोजी, म्हणजे निकालानंतर सत्तर दिवसांत, पहिल्या घटनादुरुस्तीने कलम १५ मध्ये चौथे उपकलम घातले गेले. मागासवर्ग आणि अनुसूचित जाती-जमाती यांच्यासाठी खास तरतूद करण्याचा अधिकार त्यामुळे राज्यांना मिळाला. देशातल्या महाविद्यालयांतल्या कितीतरी राखीव जागा या एका ओळीवर उभ्या आहेत.

पण ती कोणासाठी? इथे आपण यादीकडे येतो.

घटनेने अनुसूचित जमाती कोणत्या हे राष्ट्रपतींच्या आदेशावर सोपवले. तो आदेश ६ सप्टेंबर १९५० रोजी निघाला. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचनेबरोबर त्यात फेरबदल झाले. या याद्यांमध्ये जमातीच्या नावापुढे प्रदेशही असे. महादेव कोळी ठाणे, कुलाबा, नाशिक, पुणे आणि अहमदनगर या जिल्ह्यांपुरते. विदर्भात गोंड, हलबा वगैरे जमाती मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी आणि यवतमाळ या तहसिलींपुरत्या. म्हणजे गोंड राजाने वसवलेल्या नागपुरातला गोंड यादीबाहेर! तहसिलीची हद्द ओलांडली की माणसाची जमात संपते, असा हा न्याय होता. खानदेशातल्या भिल्लांना ही अडचण नव्हती. मुंबई राज्याच्या मूळ मराठी-गुजराती मुलखात भिल्ल ही नोंद सरसकट होती.

प्रदेशाची ही अट १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने निघाली. २७ जुलै १९७७ पासून नवी यादी संपूर्ण महाराष्ट्राला लागू झाली. न्यायाचे पाऊल होते यात शंका नाही. त्याचा परिणाम काय झाला, हे जनगणनेच्या आकड्यांवरून वर्गात सहज काढून दाखवता येईल. १९७१ मध्ये महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे २९.५ लाख होती. १९८१ मध्ये ती ५७.७ लाख झाली. वाढ ९५ टक्के. त्याच दहा वर्षांत राज्याची एकूण लोकसंख्या ५.०४ कोटींवरून ६.२८ कोटींवर गेली, म्हणजे साधारण २४.५ टक्के वाढली. आदिवासी याच वेगाने वाढले असते तर १९८१ मध्ये ते ३६.८ लाखांच्या आसपास असते. उरलेले सुमारे २१ लाख लोक पाळण्यातून आलेले नाहीत, ते कायद्याच्या रेषेवरून आले आहेत.

त्यांतले पुष्कळ खरे आदिवासी होते. चुकीच्या रेषेमुळे पंचवीस वर्षे बाहेर राहिलेले. पण नामसाधर्म्याचा फायदा घेणारेही होते. कोळी नावाच्या अनेक जाती महाराष्ट्रात आहेत आणि महादेव कोळी, टोकरे कोळी या त्यांतल्या जमाती. हलबा ही जमात आणि हलबा कोष्टी ही विणकरांची जात. पूर्वी प्रदेशाच्या भिंतीमुळे जो गोंधळ आपोआप अडत असे, तो आता महाविद्यालयाच्या प्रवेशखिडकीवर आला.

राज्यातल्या महाविद्यालयांत अनुसूचित जमातींसाठी सात टक्के जागा होत्या आणि आजही तेवढ्याच आहेत. शंभर जागांच्या महाविद्यालयात सात. गणिताने वाढलेल्या ३६.८ लाखांत त्या वाटल्या तर सव्वापाच लाखांमागे एक जागा. प्रत्यक्ष मोजल्या गेलेल्या ५७.७ लाखांत वाटल्या तर सव्वाआठ लाखांमागे एक. शिवाय या स्पर्धेत शहरातल्या शाळेत शिकलेला, इंग्रजीची सवय असलेला दावेदार आणि धडगावच्या आश्रमशाळेतला मुलगा एकाच गुणवत्ता यादीत. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संचालक राहिलेले डॉ. गोविंद गारे यांनी बोगस दाव्यांच्या प्रश्नावर मराठीत पुष्कळ लिहिले. आदिवासी विद्यार्थ्यांच्या संघटना त्यासाठी रस्त्यावर आल्या. त्यांचा राग समजण्यासारखा होता.

अखेर २ सप्टेंबर १९९४ रोजी माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीची पद्धतच आखून दिली. हा खटला महाराष्ट्रातलाच, आणि महादेव कोळी असल्याच्या दाव्यावर घेतलेल्या प्रवेशातून उद्भवलेला. न्यायालयाने सांगितले की दाखला महसूल अधिकाऱ्याने द्यावा, पण तो अंतिम नव्हे. तीन जणांची समिती तो तपासेल. आदिवासींच्या बाबतीत समितीत जमातींची जाण असलेला संशोधन अधिकारी असेल. पोलीस दक्षता पथक मूळ गावी जाईल, शाळेतल्या नोंदी पाहील, कुलदैवत, लग्नाची रीत, मयताची पद्धत यांची चौकशी करील. २००१ मध्ये अमलात आलेल्या महाराष्ट्राच्या जात प्रमाणपत्र कायद्याने या पद्धतीला कायद्याचे रूप दिले. जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आणि खोटा दावा उघड झाला तर लाभ काढून घेण्याबरोबर शिक्षाही. गावोगावी ज्याला नुसते ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात, ते जात वैधता प्रमाणपत्र या व्यवस्थेतून निघते.

तोतयांना रोखण्यासाठी हे आवश्यक होते असेच आमचे मत आहे. पण चाळणीचा एक गुणधर्म असतो. तिची भोके लहान केली की खडा अडतो, तसा टपोरा दाणाही अडतो. भिल्लांसाठी ही चाळणी कशी चालते ते पाहा.

सर्वांत वजनदार पुरावा कोणता? ६ सप्टेंबर १९५० च्या पूर्वीची कागदोपत्री नोंद, आणि त्यातही शाळेची. आजोबा-पणजोबांच्या नावाचा शाळेचा उतारा मिळाला की निम्मी लढाई जिंकली. शहरातल्या, तालुक्याच्या गावातल्या कुटुंबाकडे असा उतारा असण्याचा संभव जास्त. अक्राणी महालातल्या पणजोबांच्या वेळी मात्र गावात शाळाच नव्हती, कारण तो मुलूख ‘वगळलेला’ होता! एका कायद्याने शाळा न दिलेल्या माणसाच्या पणतूकडे दुसरा कायदा शाळेचा दाखला मागतो. १८७४ आणि १९९४ यांच्यामधला हा धागा आम्हाला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो.

दुसरी गुंतागुंत नावांची. १८७४ च्या परिशिष्टात पाडवी, वळवी, वसावा हे शब्द संस्थानिकांच्या नावापुढे आहेत. आज नंदुरबारमध्ये ती हजारो कुटुंबांची आडनावे आहेत. आणि १९७६ च्या यादीत हेच शब्द जमातींची नावे म्हणून आले आहेत, तेही वेगवेगळ्या नोंदींत. वसावा, वसावे आणि पावरा हे भिल्लांच्या नोंदीत. पाडवी हा गामित, गावित, मावची यांच्याबरोबर. वळवी हा धानका यांच्याबरोबर. तडवी तर दोन ठिकाणी : धानकांच्या नोंदीत नुसता ‘तडवी’ आणि भिल्लांच्या नोंदीत ‘तडवी भिल्ल’. ज्या भागात पाडवी आडनावाचा मुलगा स्वतःला भिल्ल सांगतो आणि त्यात त्याला काहीच वावगे वाटत नाही, तिथे यादीचा नेटकेपणा कागदावरच राहतो. सुदैवाने ही सगळी नावे शेवटी अनुसूचित जमातींचीच आहेत. पण बापाच्या दाखल्यावर एक शब्द, काकाच्या दाखल्यावर दुसरा आणि मुलाच्या दाखल्यावर तिसरा असला की चौकशी लांबते. प्रवेशाची मुदत मात्र लांबत नाही.

न्यायालयांनाही ही अडचण दिसत होती. २८ नोव्हेंबर २००० रोजी मिलिंद खटल्यात घटनापीठाने ठरवले की राष्ट्रपतींच्या यादीतले शब्द जसे आहेत तसेच वाचायचे. हलबा कोष्टी म्हणजे हलबा, असा अर्थ पुरावे देऊन काढता येणार नाही. यादी बदलायची तर संसदेनेच बदलावी. तरीही शिक्षण पूर्ण होऊन गेलेल्या त्या विद्यार्थ्याची वैद्यकीय पदवी न्यायालयाने काढून घेतली नाही. २०१७ मध्ये मात्र जगदीश बहिरा प्रकरणात न्यायालय कडक झाले : दावा फेटाळला गेला तर त्यावर मिळालेले लाभ टिकणार नाहीत. दुसऱ्या बाजूने खऱ्या अर्जदारांसाठी वाट थोडी रुंदही झाली. वडिलांची किंवा रक्तनात्यातल्या कोणाची वैधता रीतसर तपासून ठरलेली असेल तर ती सामान्यतः मुलाला उपयोगी पडते. आणि २४ मार्च २०२३ रोजी ठाकूर जमातीच्या संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की रीतिरिवाजांची परीक्षा हा जमात ओळखण्याचा एकमेव निकष मानता येणार नाही. वसतिगृहात वाढलेल्या, आजीची गाणी न ऐकलेल्या मुलाला देवाचे नाव आठवले नाही म्हणून तो भिल्ल नाही असे ठरवणे विचित्रच झाले असते.

हा पेच फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये जनमताने सरकारी विद्यापीठांत वंशावर आधारित प्राधान्य बंद केले. त्याच वर्षी टेक्सासमध्ये न्यायालयाच्या निकालाने तेच झाले. तेव्हा टेक्सासने १९९७ मध्ये वेगळाच कायदा केला : राज्यातल्या प्रत्येक हायस्कुलातल्या वरच्या दहा टक्के मुलांना राज्याच्या विद्यापीठात प्रवेश. शाळाच वस्तीनुसार वेगवेगळ्या असल्याने कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वस्त्यांतली मुले त्यातून आपोआप आली, वंशाचे नाव न घेता. पुढे २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंश विचारात घेणे देशभर जवळजवळ बंद केले. तिथे नावावरून ठिकाणाकडे जावे लागले. आपण १९७६ मध्ये ठिकाण काढून नावाकडे आलो होतो.

ठिकाणाचा प्रयोग महाराष्ट्रानेही केला आहे. वैद्यकीय प्रवेशात राज्याच्या वाट्याच्या ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या विद्यार्थ्यांना आणि ३० टक्के सर्वांना खुल्या, अशी पद्धत २०२० पर्यंत होती. विभाग तीन : विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. या ‘उर्वरित’मध्ये मुंबई होती, पुणे होते आणि अक्राणीही होती. मुंबईच्या क्लासेसमधल्या मुलाला आणि तोरणमाळच्या मुलाला एकाच विभागातले शेजारी मानणारी ही व्यवस्था नंदुरबारच्या किती कामाची होती, हे वाचकांनीच ठरवावे. सप्टेंबर २०२० मध्ये ती रद्द झाली तेव्हा मराठवाड्यात जल्लोष झाला. आमच्या आठवणीत सातपुड्यात तिची बातमीही झाली नाही.

नंदुरबार स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी, धुळ्यातून फुटून. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख आणि तिच्यात अनुसूचित जमाती ६९ टक्के. जिल्हा ज्या विद्यापीठाला जोडलेला आहे ते जळगावचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० मध्ये पुणे विद्यापीठातून वेगळे झाले, आणि २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव लावते. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे नोंदणीकृत पदवीधरांनी अधिसभेवर निवडून द्यायच्या दहा जणांत एक अनुसूचित जमातीचा असावा लागतो. १९२७ च्या मागणीचा हा इतका उशिरा आलेला जबाब. खुद्द नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२० मध्ये सुरू झाले. तिथल्या राखीव जागाही राज्याच्या सामाईक यादीतून भरतात, आणि त्या यादीतल्या प्रत्येक नावामागे एक वैधता प्रमाणपत्र असावे लागते.

त्या प्रमाणपत्राची फाईल उघडली तर सर्वांत खाली शाळेचा उतारा सापडतो. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे मूल शाळा सोडून गेल्यावर जातीची नोंद सहसा बदलता येत नाही. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने उघड चुकीची दुरुस्ती नंतरही होऊ शकते असे म्हटले, पण ती उघड चूक आहे हे सिद्ध करण्यासाठी पुन्हा कागदच लागतात. ‘भिल्ल’ऐवजी नुसते ‘हिंदू’ लिहिलेले, ‘पावरा’चे ‘पवार’ झालेले, रकाना रिकामा सोडून पुढे गेलेले. जून महिन्यात रजिस्टर भरताना पालकांना वडिलांचा दाखला बरोबर आणायला सांगितले, आणि त्यावरचा शब्द काना-मात्रेसह तसाच उतरवून घेतला, तर यांतल्या बऱ्याचशा फायली पुढे उघडाव्याच लागणार नाहीत.